न मोडलेलं गवत

सांगून कुणाला पटणार नाही. ज्याला पटेल त्यानं खुशाल समजावं की आपल्याला बनवणं फार सोपं आहे. पण त्या दिवशी ऊन कलताना घराएवढी गवताची गंजी श्वास घेत होती, आणि ते धाकटीनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

दूध काढायची बादली घेऊन ती गोठ्याकडे निघाली होती. गंजीच्या माथ्यावरून पांढरी वाफ निघाली, जरा थांबली, पुन्हा निघाली. थंडीत बैल नाकपुड्यांतून सोडतो तशी. वास तर सकाळपासूनच येत होता, साखर करपल्यासारखा गोडसर आणि मागून तंबाखूची झाक असलेला. वहिनीनं सकाळी काकांना सुनावलंही होतं, "ओढायचं तर लांब जाऊन ओढा," आणि काकांनी न ओढलेल्या तंबाखूचा आळ निमूट सोसला होता. खोटे आळ सोसायची त्यांना सवय होती. खऱ्याची वेळ फारशी यायची नाही, कारण ते खरं काही करायचेच नाहीत, नुसतं सांगायचे.

धाकटीनं बादली खाली ठेवली, बाही वर सारली आणि गंजीत हात खुपसला. मनगटापर्यंत गार. कोपरापर्यंत ऊब, नुकत्याच व्यालेल्या गाईच्या पोटाला असते तशी. खांद्यापर्यंत गेला तसा तिनं तो ओढून काढला आणि काखेत दाबून धरला. आवाज मात्र करू दिला नाही तोंडाला.

गवत ओलं रचलं की आतल्या आत कुजतं, कुजताना तापतं, आणि तापता तापता पेट घेतं. बाहेरून पाहणाऱ्याला पत्ता लागत नाही. आधी पोटात जळून पोकळी पडते, एखाद्या खोलीएवढी, निखाऱ्याच्या भिंतींची. वरून गवत जसंच्या तसं दिसतं. त्यावर पाय ठेवणारा माणूस सरळ आत जातो, आणि त्याच्या मागोमाग हवा जाते. मग माणूस काढायचा की आग विझवायची, हे ठरवायलाही कुणाला सवड मिळत नाही.

म्हणून तर त्या घरात 'मोडलं' होतं. कापून पसरलेल्या गवताची मूठ घ्यायची, दोरीसारखा पीळ द्यायचा. पीळ टिकला तर गवतात अजून पाणी आहे. मोडला तर वाळलं. मग पिळणाऱ्यानं शेताच्या मधोमध उभं राहून ओरडायचं, "मोडलं", आणि ते कानावर पडेपर्यंत एकही गाडी हलायची नाही. हे काम एका वेळी एकाच माणसाकडे. आजोबांकडून ते वडिलांकडे आलं, आणि वडिलांनी जाताना दोन्ही मुलगे सोडून ते धाकटीला दिलं, कारण ओल ओळखणारी बोटं तिची होती. तिशी उलटलेल्या, लग्न न झालेल्या बहिणीला त्या घरात जो मान होता तो त्या एका शब्दाचा.

या खेपेला तो शब्द तिनं न पिळता उच्चारला होता.

वरच्या शेतातलं गवत पिळलं होतं. खालच्या, ओढ्याकाठच्या शेतातलं नाही. तिथं दुपारपर्यंत झाडांची सावली असते हे तिला कुणी सांगायला नको होतं. पण ओढ्यापलीकडे नालबंद उभा होता, हत्यारांची पिशवी खांद्याला, आणि त्याला पाहून बरेच दिवस झाले होते. ती परत आली तेव्हा हंगामी मजूर गाड्या जुंपून ताटकळत होते. केसांतली पानं काढता काढता ती बांधावरूनच ओरडली, "मोडलं."

नालबंद चांगला होता की वाईट, हा प्रश्नच नव्हता. त्याच्या बापानं ठोकलेला खिळा वडिलांच्या घोडीच्या खुरात खोल गेला होता, घोडी उधळली होती, आणि वडील पडले ते पुन्हा उठले नव्हते. त्या दिवशी दादानं सगळ्यांच्या देखत सांगितलं, त्या घराशी आपल्यातलं जे कुणी बोलेल त्यानं आपलं गाठोडं बांधून ठेवावं. दादा बोलून विसरणाऱ्यांतला नव्हता. दुर्दैवानं बोलल्याप्रमाणे वागणाऱ्यांतला होता.

धाकटी अंगणात गेली आणि म्हणाली, "गंजी तापलीय." तेवढंच.

*

दादानं लांब लोखंडी सळई आणली आणि रस्त्याच्या बाजूनं गंजीत घातली. गोठ्याच्या बाजूनं घालायला वावच नव्हता. गंजी गोठ्याच्या भिंतीला टेकवून रचलेली. सळई जरा वेळ आतच राहू दिली. गोठ्यात गाई उगाचच पाय बदलत होत्या. मग दादानं ती काढली आणि मुठीत धरली.

"धरवते?" मधल्या भावानं विचारलं.

"धरवते. पण हिचं टोक मधोमध पोचतच नाही." दादानं सळई भिंतीला लावली आणि तळवा पँटला पुसला, जरा जास्तच वेळ. "गंजी उघडावी लागेल. वरून थर काढत जायचे."

"डोकं फिरलंय का तुझं?" मधला म्हणाला. "उघडलीस की हवा लागेल. बंब बोलावलाय मी. तो येईपर्यंत हात लावायचा नाही."

"पूल खचलाय. तुझा बंब वळसा घालून येणार. वारा कुठं वाहतोय बघ. आधी गोठा जाईल, मग घर."

"अहो, भाऊजी बरोबर बोलतायत," वहिनी नवऱ्याला म्हणाली. "चारा गेला तर जाऊ दे. चारा पुन्हा येतो."

"चारा गेला की जनावरं विकायची. मग शेत कशानं नांगरतेस? तुझ्या जिभेनं?"

"तिला जुंपलं असतंत तर एव्हाना दोन पिकं निघाली असती."

एरवी यावर हशा पिकला असता. आता फक्त उलट्या टोपलीवर बसलेले काका हसले, आणि तेही घशातल्या घशात.

"जनावरं विकावी लागली तर विकू," मधला म्हणाला. "मी कधीपासून सांगतोय. वाटण्या करा, विका, शहरात जागा घेऊ. या गवतात काय ठेवलंय?"

वहिनीनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा बदलला. "अस्सं. म्हणजे बंबाला उशीर झाला तरी तुम्हाला चालण्यासारखं आहे."

"मी असं कुठं म्हटलं, वहिनी?"

"म्हणायला कशाला हवं?" ती दोन पावलं चालली आणि नवऱ्याच्या बाजूला जाऊन उभी राहिली. "काय काय लागेल ते सांगा. दोर कुठाय?"

अशी त्या घरातली माणसं. सकाळी एका ताटात जेवतील, दुपारी ताट कुणाचं यावर भांडतील.

धाकटीनं गाई सोडल्या आणि लांब कुंपणापाशी नेऊन बांधल्या. गाठ दोनदा सुटली, तिसऱ्यांदा बसली. ती परत आली तेव्हा शिडी रस्त्याच्या बाजूनं गंजीला लागली होती. तिनं शिडीकडे पाहिलं आणि मनाशी हिशेब मांडला. ओलं गवत शेवटच्या गाड्यांचं, ते रचलं गोठ्याच्या बाजूला. हे ठाऊक होतं फक्त तिला आणि मजुरांना, आणि मजूर केव्हाच पुढच्या गावाला गेले होते. दादा त्या दिवशी बाजारात, मधला सासुरवाडीला. शिडी रस्त्याकडे आहे म्हणजे दादा चांगल्या गवतावर चढणार. चढू दे. तो तिकडे पोचेपर्यंत बंब येईल. कुणाला काही सांगायची गरज पडणार नाही.

भ्यालेलं माणूस फार चांगला हिशेब करतं. फक्त त्यात दुसऱ्याचा जीव कुठल्या रकान्यात टाकलाय ते बघत नाही.

"पण मला एक कळत नाही," मधला म्हणाला. वहिनी त्याच्या हातून निसटली होती आणि ते त्याला झोंबलं होतं. "ही तापलीच कशी? मोडलं कुणी म्हटलं होतं?"

"धाकटीनं," वहिनी म्हणाली.

"मग?"

"मग काय?" दादा कमरेला दोर गुंडाळत होता. त्यानं वरही पाहिलं नाही. "धाकटी म्हणाली म्हणजे मोडलंच असणार. पाणी दुसरीकडून आलंय."

तिला वाटलं, यापेक्षा त्यानं थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

"तरी विचारायला काय हरकत आहे?" वहिनी तिच्याकडे वळली. आवाज गोड होता, आणि तिच्या गोड आवाजाला घरातली मांजरंही भीत. "वन्सं, खालच्या शेतातलं पिळलं होतंत ना तुम्ही?"

धाकटीनं तोंड उघडलं. 'चुकलं' म्हणता आलं असतं, पण तिची बोटं लहानपणापासून कधी चुकली नव्हती. लगेच पुढचा प्रश्न आला असता की मग होतीस कुठं, आणि दादाच्या डोळ्यांत बघून तिला आयुष्यात कधी खोटं बोलता आलेलं नव्हतं. शब्द जाईल, घर जाईल, आणि उद्या दादा कुऱ्हाड घेऊन ओढ्यापलीकडे जाईल. सगळं एका उत्तरावर.

"तिला काय विचारताय?" काका टोपलीवरून म्हणाले. "मला विचारा."

*

काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. त्यांनी एकदा चंद्रावरून पडलेला दगड चाखून पाहिला होता, आणि एका वादळात त्यांची टोपी उडून गेली ती सात वर्षांनी त्याच डोक्यावर परत आली होती. घरात त्यांच्या शब्दावर कुणी चुलीतलं लाकूडही हलवत नसे. नालबंदाचं कुणी त्यांना सांगितलेलं नव्हतं; पण दिवसभर अंगणात बसणाऱ्या माणसाला कोण कुठून हसत येतं तेवढं दिसतं.

"काका, आत्ता नको," दादा म्हणाला.

"आत्ताच. पोरीनं पिळलं, मोडलं, ती ओरडली, सगळं रीतसर झालं. मी ऐकलं. मी खालच्या शेतातच होतो."

"त्या दिवशी तुमचा गुडघा सुजला होता," वहिनी म्हणाली.

"सुजला होता म्हणून तर ओढ्यात घालून बसलो होतो. तुझ्या लेपानं काय दिवे लावले होते? तर बसलोय, आणि गुडघ्याला काहीतरी घासतंय. बघतो तर मासा. कालवडीएवढा. मिशा आमच्या वडिलांसारख्या. पाठ खाजवून घेत होता माझ्या गुडघ्यावर."

"झालं," मधला म्हणाला.

"आता एवढा मासा हातानं धरवतो का? मी पाटाची फळी काढली. म्हटलं, पाणी शेतात जाईल, मागोमाग मासा जाईल, पाणी जिरेल, आणि मासा गवतावर राहील. पाणी गेलं. मासा नाही गेला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, शरमिंदा झालेल्या पाहुण्यासारखं, आणि उलटा फिरला. मी फळी लावेपर्यंत पसरलेलं गवत भिजलं. मजुरांना म्हटलं, भरा, काही होत नाही. पोरगी तोवर वर निघून गेली होती. तिला यातलं काही माहीत नाही."

मासा कुणालाच पटला नाही, पण माशापायी काका पाटाची फळी काढतील हे सगळ्यांनाच पटलं. त्यांचं खोटं नेहमी त्यांच्या अंगाला बेतलेलं असायचं.

"एका माशापायी," मधला म्हणाला. "एका माशापायी घर जाळायला निघालात. खायचे किती दिवस राहिलेत तुमचे, तेवढं नीट..."

"पुरे," दादा म्हणाला. "नंतर भांडू." तो काकांसमोर येऊन उकिडवा बसला आणि कधी नव्हे ते त्यानं त्यांच्याकडे खरोखर उत्तराच्या आशेनं पाहिलं. "काका, नीट आठवा. ते भिजलेलं गवत कुठल्या बाजूला रचलं?"

काकांनी दाढी खाजवली. नजर दादाच्या खांद्यावरून धाकटीवर गेली. क्षणभरच. ते विचारत होते. वहिनी मध्येच उभी होती आणि तिचे डोळे या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होते. धाकटीनं मान खाली घातली.

"रस्त्याच्या बाजूला," काका म्हणाले, ज्या खात्रीनं त्यांनी टोपीचं सांगितलं होतं त्याच खात्रीनं.

दादानं श्वास सोडला. "म्हणजे मी शिडी लावलीय बरोबर तिथंच." त्यानं काकांच्या गुडघ्यावर थोपटलं. "जीव वाचवलात माझा."

धाकटीचाही जीव भांड्यात पडला. शब्द राहिला, घर राहिलं, ओढ्यापलीकडचा माणूस राहिला. म्हातारा शिव्या खाईल, आठवडाभर कुणी त्याच्याशी बोलणार नाही, आणि मग माशाची गोष्ट होईल. तिला रडायला आलं, इतकं हलकं वाटलं.

मग तिनं पाहिलं की दादानं शिडी उचलली होती आणि तो ती गोठ्याकडे नेत होता.

*

"गोठ्याच्या छपरावरून जातो," तो म्हणाला. "तिकडून थर काढत इकडे येईन. दोर माथ्यावरून रस्त्याच्या बाजूला टाकतो. तिघंही धरा. मी हाक मारली की ओढायचं, विचारायचं नाही."

दोर माथ्यावरून आला. पुढे मधला, मध्ये वहिनी, शेवटी धाकटी. दादाचं प्रत्येक पाऊल तिला तळहातात कळत होतं. दोर ढिला पडे, ताठ होई, पुन्हा ढिला पडे. छपराचे पत्रे वाजले. गंजीच्या माथ्यावर आधी दाताळं दिसलं, मग दादाचं डोकं, मग खांदे. वाफ आता पांढरी नव्हती. तिला निळसर रंग आला होता आणि ती त्याच्या गुडघ्यांभोवती रेंगाळत होती.

त्याच्या पुढ्यात, गोठ्याच्या बाजूला, गंजीचा माथा खोलगट झाला होता. फार नाही. परातीएवढा. ज्याला माहीत नव्हतं त्याला वाटलं असतं, गवत दबलंय.

दादानं पाय ठेवायला सोबत आणलेली लांब फळी उचलली.

टोपलीवरचे काका मघापासून स्वतःवर खूश होऊन बसले होते. त्यांनी धाकटीकडे एक डोळा मिचकावला, आणि तो डोळा अर्धवटच राहिला. तिचा चेहरा पाहून त्यांना कळलं. आयुष्यभर त्यांनी हवी ती गोष्ट हवी तिथं ठेवली होती आणि कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

ते धडपडत उठले. "थोरल्या, थांब. रस्त्याच्या नव्हे. चुकलं माझं. गोठ्याच्या बाजूला. तू उभा आहेस तिकडेच."

"काका, बसा आता," दादा वरून म्हणाला. "एकदा खरं बोललात तेवढं बास."

"अरे, मघाचं खोटं होतं. हे खरं आहे."

"मासा तिकडून आला का आता?" मधला म्हणाला.

"मासाबिसा काही नव्हतं, गाढवा. त्याला खाली घे."

"ऐकलंत?" वहिनी दोर न सोडता म्हणाली. "माथ्यावर माणूस उभा आहे आणि यांचा खेळ संपत नाही. काका, गप्प बसा, नाहीतर मी तोंडात बोळा घालेन."

काका तोंड उघडं ठेवून उभे राहिले. त्यांच्याकडे आता एकही शब्द असा नव्हता जो कुणी घेतला असता. त्यांनी धाकटीकडे पाहिलं. या वेळी ते विचारत नव्हते.

वर दादानं फळी पुढे सरकवली, खोलगट जागेवर आडवी टाकली आणि दाताळ्याच्या दांड्यानं ठोकून पाहिली. फळी स्थिर राहिली. वरचं गवत कोरडं आणि पिवळंधम्मक होतं, बघणाऱ्याला लोळावंसं वाटेल असं. त्यानं दाताळं खांद्यावर घेतलं. धाकटीच्या तळहातातला दोर ढिला पडला, म्हणजे तो पुढे वाकला होता. त्यानं एक पाय उचलला.

तिला वाटलं, फळी आहे, धरेल. तिला वाटलं, बंबाचा आवाज आला. आवाज आला नव्हता.

"दादा, पाय टेकवू नकोस."

तो आवाज तिचा आहे हे सगळ्यांना कळायला क्षण लागला, कारण शेताच्या मधोमध उभी राहून ती जसा शब्द टाकायची तसाच तो आला होता, आणि त्या आवाजाला थांबायची दादाच्या पायांना सवय होती. पाय हवेतच राहिला.

"का?"

"काका खोटं बोलतायत."

"ते कधी खरं बोलतात?" मधला म्हणाला. "कुठलं खोटं, आधीचं की नंतरचं?"

"आधीचं. ते त्या दिवशी अंगणातून हललेसुद्धा नाहीत." तिनं दोर मनगटाला गुंडाळून घट्ट केला आणि भावाकडे वर पाहिलं. "पाटाची फळी कुणी काढली नाही. खालच्या शेतातलं गवत मी पिळलंच नव्हतं. न पिळता मोडलं म्हटलं. ते सगळं गोठ्याच्या बाजूला रचलंय, तुझ्या फळीखाली."

दादाचा पाय सावकाश मागे गेला. तो छपराच्या कडेवर उतरला, आणि तिथून त्यानं विचारलं, अगदी हळू, "आणि तू कुठं होतीस?"

वहिनीनं मागे वळून तिच्याकडे पाहिलं. काकांनी घाईघाईनं श्वास घेतला, आणखी एक मासा सोडण्याच्या बेतानं.

"काका, नको," धाकटी म्हणाली. "ओढ्यापलीकडे होते, दादा. नालबंदाबरोबर."